गॅसबत्ती, बर्नर आणि घरची शेगडी

आमच्या कुहीकडे लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरून चालायचा तो भक्क उजेडाचा दिवा, त्याला लहानथोर सगळे गॅसबत्ती म्हणत. दंडार असो की खडी गंमत, गॅसबत्ती पेटल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नसे. दिव्यावर नाव पेट्रोमॅक्स, आत भरायचे रॉकेल, आणि मारायचा पंप. गॅसची टाकी कुठेच नाही. मग गॅसबत्ती हे नाव कसे पडले असेल?

मला हे नाव फार आवडते, कारण ते अगदी बरोबर आहे. पंपाच्या दाबाने रॉकेल तापलेल्या नळीतून वर चढते. तिथे त्याची वाफ होते, म्हणजे गॅसच. त्या वाफेत हवा मिसळते आणि मग ते मिश्रण निळसर ज्योतीने जळते. गंमत अशी की ही ज्योत स्वतः उजेड देत नाही. ती फक्त मेंटलची पिशवी तापवते आणि तापलेली पिशवी पांढरीशुभ्र उजळते.

जळण्याच्या आधीच हवा मिसळून घ्यायची, ही युक्ती प्रयोगशाळेतल्या बर्नरची. आज त्या बर्नरची गोष्ट सांगायची आहे. मी बी.ए.चा माणूस. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे विज्ञान शिकवणाऱ्या मित्रांनी हा लेख वाचताना जरा सांभाळून घ्यावे. पण वस्तूंनाही इतिहास असतो आणि तो राजांच्या इतिहासापेक्षा कमी रंजक नसतो, असे माझे मत आहे.

गोष्ट सुरू होते जर्मनीतल्या हायडेलबर्ग गावी. १८५२ साली तिथल्या विद्यापीठात रॉबर्ट बुन्सेन हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक आला. हा माणूस विस्तवाशी खेळलेला. तरुणपणी आर्सेनिकच्या संयुगांवर काम करताना स्फोट झाला आणि त्याचा एक डोळा कायमचा गेला. त्याच विषाने तो मरता मरता वाचला. तरी काम सोडले नाही. विद्यापीठाने त्याच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधायला घेतली. त्याच सुमारास हायडेलबर्गच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे येत होते. हा गॅस दगडी कोळशाचा. कोळसा बंद भांड्यात हवेशिवाय तापवला की जो वायू निघतो तो नळातून गावभर फिरवायचा आणि दिव्यांत जाळायचा. बुन्सेनने ठरवले की हा गॅस प्रयोगशाळेतही आणायचा, आणि नुसता उजेडासाठी नाही, तर तापवण्यासाठी.

तोपर्यंत प्रयोगशाळेत काय होते? स्पिरिटचे दिवे आणि कोळशाच्या भट्ट्या. गॅस आला तर काम सोपे होणार होते. पण अडचण होती. दिव्याचा गॅस पिवळ्या ज्योतीने जळतो आणि काजळी धरतो. भांडे खाली काळे, आणि उष्णताही पुरेशी नाही. ज्योत पिवळी का दिसते? तिच्यात न जळलेल्या कार्बनचे बारीक कण असतात. ते तापून चमकतात. दिव्याला तेच हवे असते. भांडे तापवायला मात्र ते कण अर्धवट चमकण्याऐवजी पुरते जळायला हवेत. त्यासाठी हवा हवी.

हवा देण्याची गोष्ट आपल्याला काही नवी नाही. माझी आजी चुलीपाशी बसून फुंकणीने हेच करायची. धुरकट लाकूड फुंकर मिळताच लखलखून पेटायचे. सोनारही नळीने फुंकून ज्योत दागिन्यावर वळवतो. पण फुंकणाऱ्याचे गाल दुखतात, डोळ्यांत धूर जातो आणि फुंकर एकसारखी राहत नाही. बुन्सेनच्या डोक्यातली कल्पना अशी की गॅसनेच हवा ओढून घ्यावी. बारीक तोटीतून गॅस जोरात वर उसळतो, तेव्हा तो आजूबाजूची हवा आपल्याबरोबर खेचतो. तोटीभोवती उभी नळी ठेवली आणि नळीच्या बुडाशी भोके पाडली, की हवा आपोआप आत येते, नळीत गॅसशी मिसळते आणि वरच्या तोंडाशी निळी, स्थिर, बिनकाजळीची ज्योत जळते. फुंकणाऱ्याची गरजच उरत नाही.

कल्पना बुन्सेनची, पण ती हातांनी घडवली विद्यापीठाच्या यंत्रकाराने. त्याचे नाव पीटर देसागा. हवा कमी-जास्त करण्याची सोय त्याने केली. १८५५ साली प्रयोगशाळा उघडली तेव्हा विद्यार्थ्यांसाठी देसागाने ५० बर्नर करून ठेवलेले होते. त्याच्याही आधी इंग्लंडात मायकेल फॅरडेने १८२७ च्या आपल्या पुस्तकात हवा मिसळणाऱ्या गॅसच्या शेगडीचे वर्णन केलेले होते. १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे उठाव पेटला त्याच वर्षी, बुन्सेन आणि त्याचा इंग्रज सहकारी रॉस्को यांनी नव्या बर्नरचे वर्णन छापले. बुन्सेनने पेटंट घेतले नाही. ज्याला हवा त्याने करावा, वापरावा. जगाने तो वापरला आणि नाव मात्र बुन्सेनचे लावले. देसागा मागे पडला. इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी सांगायचो की किल्ल्याला नाव राजाचे असते, दगड घडवणारा पाथरवट कोणाला आठवत नाही. इथेही तेच.

आता या ज्योतीचे एक वेगळेपण पाहा. माणसाने हजारो वर्षे आग पेटवली ती उजेडासाठी, उबेसाठी, अन्नासाठी. आपण दिव्याला नमस्कार करतो, दिव्यांच्या अवसेला दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करतो, ते दिवा उजेड देतो म्हणून. इथे एका माणसाने मुद्दाम अशी ज्योत मागितली की जिने उजेड देऊ नये! बिनरंगी ज्योत हवी होती त्याला कारण होते. अशा ज्योतीत मीठ टाकले तर ती गर्द पिवळी होते, तांब्याचा क्षार हिरवा रंग देतो, पोटॅशियम जांभळट. ज्योतीचा स्वतःचा रंग नसल्यामुळे पाहुण्याचा रंग लगेच ओळखू येतो. बुन्सेन आणि त्याचा मित्र किर्चहॉफ यांनी हा उजेड लोलकातून पाहिला, तेव्हा प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या रेषा दिसल्या. एका रात्री दूरवरच्या मॅनहाइम गावाला आग लागली होती. या दोघांनी खिडकीतून तिच्यावर आपले यंत्र रोखले आणि त्या आगीत बेरियम आणि स्ट्रॉन्शियम असल्याचे ओळखले, अशी हकीकत आहे. १८६० साली सीझियम आणि १८६१ साली रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये याच रीतीने सापडली.

ही रीत लवकरच आपल्या भागातही पोहोचली. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण कोकणापासून आंध्रापर्यंतच्या पट्ट्यात दिसले. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट हर्शेल आणि गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन अशीच यंत्रे घेऊन बसले होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत एक पिवळी रेषा दिसली. ती मिठातल्या सोडियमच्या रेषेजवळची, पण सोडियमची नव्हे. तोच पुढे हेलियम ठरला. विजयदुर्गावर साहेबाचा कट्टा दाखवतात आणि लॉकियरने तिथून हेलियम शोधला असे सांगतात. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता आणि ऑक्टोबरमध्ये त्याने तिथूनच ती रेषा पाहिली. विजयदुर्गाचा मान त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. असो.

मुंबईत गॅसचे दिवे रस्त्यावर आले १८६५ च्या ऑक्टोबरात. दिवे लावणारा माणूस एका खांबाकडून दुसऱ्याकडे जाई आणि त्याच्या मागे बघ्यांची गर्दी चाले. पुढे मुंबईच्याच शंकर आबाजी भिसे यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी घरी कोळशाचा गॅस तयार करणारे यंत्र जुळवले होते, असे सांगतात. हेच भिसे नंतर छपाईच्या खिळ्यांच्या यंत्रामुळे नावाजले. नागपूरला विज्ञानाचे सरकारी कॉलेज १९०६ साली निघाले, आजची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ती. पण आपल्याकडच्या बहुतेक गावांत नळाचा गॅस नव्हता. तेव्हा कॉलेजे आवारातच गॅस प्लांट बसवत. कुठे रॉकेल लालभडक भांड्यावर थेंबथेंब सोडून त्याचा गॅस करत, तर कुठे पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळत. प्रॅक्टिकलच्या दिवशी शिपाई सकाळीच भट्टी पेटवायला जाई.

खेड्यातल्या शाळेत एवढेही नव्हते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित सर्वांना शिकवावे असे सुचवले. आपल्या राज्यात नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. विज्ञान गावोगाव गेले, पण सोबत गेला तो स्पिरिटचा दिवा. म्हणजे हायडेलबर्गने १८५५ साली जो दिवा बाजूला ठेवला, तोच सव्वाशे वर्षांनी आमच्या टेबलावर होता. तो दिवा गरीब दिसतो, पण गरीब नाही. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. एका शाळेत जळत्या दिव्यात स्पिरिट ओतताना भडका उडालेला मी पाहिला आहे. मुले मागे सरकली म्हणून वाचली, शिपायाचा हात मात्र भाजला. त्या दिव्याला फुंकर मारायची नाही, टोपण घालून विझवायचे. जळता असताना भरायचा नाही. एका दिव्यावर दुसरा कलता करून पेटवायचा नाही.

आणि तरीही बुन्सेनची ज्योत खेड्यात आली नव्हती असे नाही. बुन्सेनच्या हाताखाली शिकलेला एक ऑस्ट्रियन विद्यार्थी होता, कार्ल आउअर फॉन वेल्सबाख. त्याने १८८५ साली मेंटलचे पेटंट घेतले. त्या मेंटलला बर्नरची निळी ज्योत जोडली आणि गुरूने काढून टाकलेला उजेड शिष्याने परत आणला! पुढे रॉकेलची वाफ करणारी गॅसबत्ती आली, पितळी पंपाचा स्टोव्ह आला. म्हणजे आमच्या पोट्ट्यांनी प्रयोगशाळेतला बर्नर पाहायच्या कितीतरी आधी, वरातीत आणि दंडारीत तीच ज्योत पाहिलेली होती. फक्त ती बुन्सेनची आहे हे कोणी सांगितले नव्हते.

आता बर्नर पेटवण्याबद्दल. आमचे विज्ञानाचे एक सर नागपूरच्या कॉलेजात शिकून आलेले होते. सिलिंडरवर चालणारा बर्नर शाळेत आल्यावर त्यांनी पहिला तास नुसता पेटवण्यात घालवला. मी मागच्या बाकावर बसून पाहिला, म्हणून सांगतो. त्यांची पद्धत अशी. आधी रबरी नळी वाकवून पाहायची. बारीक भेगा दिसल्या तर ती नळी बाद. वेणी बांधलेली, ओढणी खोचलेली, टेबलावरची वही दूर. मग बर्नरची कडी फिरवून हवेची भोके बंद करायची. मग काडी पेटवायची, आणि मगच गॅसची कळ उघडायची. काडी वरून आणायची नाही, बाजूने नळीच्या तोंडाशी न्यायची. ज्योत येते ती पिवळी, उंच, डुलणारी. आता कडी सावकाश उघडायची. पिवळेपणा खाली खाली ओसरतो, ज्योत निळी होते, आत एक फिकट निळा सुळका उभा राहतो आणि बारीक सूं सूं आवाज येतो.

"सगळ्यात जास्त गरम कुठे?" सरांनी विचारले. सगळ्यांनी सुळक्याच्या आत बोट दाखवले. सरांनी एका काडीला गुलाच्या खाली आडवी टाचणी टोचली आणि न पेटवलेल्या बर्नरच्या तोंडावर ती टाचणी टेकवून ठेवली. गूल बरोबर मध्यभागी. मग बर्नर पेटवून कडी उघडली. भोवती निळी ज्योत जळत होती आणि मधली काडी तशीच कोरी! सुळक्याच्या आत गॅस अजून जळलेलाच नसतो. सगळ्यात जास्त उष्णता सुळक्याच्या टोकाच्या जरा वर, तिथे ती दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. "काहून नाही पेटली सर?" असे विचारणारा मुलगा त्या दिवसानंतर विज्ञानाच्या तासाला कधी गैरहजर राहिला नाही.

त्या तासातल्या दोन गोष्टी माझ्या मनात बसल्या. पहिली म्हणजे पिवळ्या ज्योतीचा मान. काम नसेल तेव्हा बर्नर पिवळ्या ज्योतीवर ठेवायचा, कारण पिवळी ज्योत दिसते. निळी ज्योत उजेडात जवळजवळ दिसतच नाही आणि हात सरळ तिच्यात जातो. दुसरी म्हणजे ज्योत आत उतरणे. हवा पूर्ण उघडी असताना गॅस फार कमी केला, तर ज्योत नळीतून खाली सरकते आणि बुडाच्या तोटीशी जळू लागते. वर ज्योत दिसत नाही, आवाज बदलतो, नळी तापून लाल होऊ लागते. अशा वेळी कडीला हात लावायचा नाही, सरळ गॅसची कळ बंद करायची. बर्नर थंड होऊ द्यायचा, भोके बंद करायची आणि पुन्हा पहिल्यापासून पेटवायचा. उलट, गॅस आणि हवेचा जोर फार वाढला तर ज्योत तोंडापासून उचलली जाते आणि विझते. मग गॅस नुसताच बाहेर येत राहतो. मापात ठेवणे हीच त्या कडीची शिकवण.

आता एक दुःखाची गोष्ट. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सास प्रांतातल्या न्यू लंडन या गावी एका शाळेत स्फोट झाला. शाळा तापवण्यासाठी तेलविहिरीतला नैसर्गिक गॅस घेतलेला होता. त्या गॅसला वास नव्हता. गळती झाली, गॅस फरशीखालच्या पोकळीत साठत गेला, कोणालाच कळले नाही. सुतारकामाच्या वर्गात विजेवर चालणारे घासण्याचे यंत्र सुरू झाले आणि त्याची ठिणगी पडली. सुमारे ३०० मुले आणि शिक्षक गेले. शाळा सुटायला थोडाच वेळ राहिला होता. हे वाचताना मला पुढचे पान उलटवत नाही. त्यानंतर गॅसला मुद्दाम वास लावण्याचे कायदे झाले. आपल्या सिलिंडरच्या गॅसलाही स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो उग्र वास त्यात मिसळलेल्या मरकॅप्टनचा. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला की आपण नाक मुरडतो. त्या वासामागे एक अख्खी शाळा आहे.

आपल्याकडे सिलिंडरचा गॅस आला तो १९५० च्या दशकाच्या मध्यावर, मुंबईत, बर्मा शेल कंपनीचा. इंडेनची पहिली जोडणी १९६५ साली कलकत्त्यात दिली गेली. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या चूल होती, तिथे १४.२ किलोची टाकी पोहोचली. हा बदल मोठा आहे. आजीचे धुराने लाल झालेले डोळे आठवले की त्याचे मोल कळते. पण त्याबरोबर हेही खरे की बुन्सेनचा बर्नर आता प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. तो घरोघरी आहे. शेगडीच्या खालच्या नळीला हवेचे भोक असते ते त्याचेच. शेगडीची ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली, तर हवा कमी पडते आहे, बर्नर साफ करा, हेही त्याचेच सांगणे.

म्हणूनच एक गोष्ट मला खटकते. माझी नात आठवीत आहे. बर्नरच्या चित्राला ती झकास नावे देते. पण शाळेतला बर्नर कपाटात आहे, मुलांना भाजेल म्हणून. शिक्षकांची भीती मी समजू शकतो. चाळीस मुले, एक टेबल, आणि काही झाले तर सगळे खापर त्यांच्याच डोक्यावर. पण तीच मुलगी घरी दिवसातून दोनदा गॅस पेटवते. तिथे तिला कोणी शिकवलेले नाही की हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साठतो. वास आला तर काडी नको, देवापुढचा दिवा जळत असेल तर तो विझवायचा, विजेचे बटण लावायचे नाही आणि बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळी पडते. रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर यायचे. मुंबईतला जुना कोळशाचा गॅस हवेपेक्षा हलका होता, पण त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइड असे. आजचा नळाचा नैसर्गिक गॅसही हलका, तो छताकडे जातो. प्रत्येक गॅसची चाल वेगळी, हे मुलांना प्रयोगाच्या तासाला नाही कळणार तर कधी?

बर्नर कपाटात ठेवल्याने अपघात टळत नाही. तो फक्त शाळेतून उठून घरी जातो. कडी बंद, काडी आधी, गॅस नंतर, काम नसताना पिवळी ज्योत. एवढे चार शब्द हाताला सवयीचे व्हायला एक तास पुरतो. आमच्या सरांनी तेवढाच घेतला होता. त्या वर्गातले कोणी शास्त्रज्ञ झाले नाही. बहुतेक शेतीत आहेत, दोघी अंगणवाडीत आहेत. पण त्यांच्या घरी गॅस कसा पेटवतात ते मी पाहिले आहे. आधी काडी, मग कळ.

ही गोष्ट वाचणाऱ्या माझ्या भाच्या-पुतण्यांनो, सुना-नातवांनो, आज स्वयंपाकघरात जाऊन टाकीपासून शेगडीपर्यंतची रबरी नळी एकदा वाकवून पाहा. भेग दिसली तर लेखावर अभिप्राय नंतर लिहा, आधी नळी बदला. आणि तुमच्यापैकी कोणी शाळेत शिकवत असेल, तर कपाटाची किल्ली कुठे आहे तेही बघा.